लिसिआतेने बसवलेला सोपा एडिटर

टोंगातल्या आमच्या भोपळ्याच्या गोदामात लिसिआतेला कोणी साहेब म्हणत नसे, आणि कोणी म्हटलंच असतं तर कोण साहेब आलाय ते बघायला त्यानेच मागे वळून पाहिलं असतं. एकोणिसाव्या वर्षी तो पेट्या उचलायला लागला. पुढे न्यूझीलंडचा एक पोरगेला स्वयंसेवक गोदामात कंप्युटर जोडायला आला, तेव्हा त्याला वायरचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. लिसिआतेने टोक धरलं ते धरलंच. दोन वर्षांनी तो पोरगा परत गेला, जाताना एक झेरॉक्स पुस्तिका मागे ठेवून गेला, आणि लिसिआतेने ती आमच्याकडे स्तोत्रं पाठ करतात तशी पाठ केली. मी तेव्हा कचेरीत नवी होते. पेटीवर टेकून ओठ हलवत बसलेला हा आडदांड माणूस काय पुटपुटतोय म्हणून मी कान देऊन ऐकलं, तर एक्स म्हणजे एक अक्षर खोड, दोन वेळा डी म्हणजे अख्खी ओळ खोड, असं काहीतरी चाललं होतं. मी हसले होते. पुढे सव्वीस वर्षं मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसले.

त्याच्या ताब्यात एक काळा डबा होता. त्याला फायरवॉल म्हणतात. बाहेरच्या जगातून आमच्या कंप्युटरांकडे आणि आमच्याकडून बाहेर जे काही जायचं-यायचं, ते त्या डब्यातून. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला दारातच थांबवायचं, याचे नियम त्यात एका फाइलमध्ये लिहिलेले असत, आणि ती फाइल हाताने लिहावी लागे. माउस नाही, चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. लिहायला जो एडिटर लागतो तो डब्यात जन्मापासूनच होता, व्ही-आय नावाचा, आणि लिसिआतेची ती पुस्तिका त्याचीच होती.

या डब्याबाबत त्याचे तीन हट्ट होते. एक, डब्यात जास्तीचं काही बसवायचं नाही. दारावरच्या रखवालदाराने खिशात सामान कोंबू नये, असं तो म्हणायचा. दुसरा, कुठलाही नियम बदलला की त्याच्या वर एक टीप लिहायची: काय बदललं, का बदललं, कोणी बदललं. डब्यात शिरायचं नाव सगळ्यांना मिळून एकच होतं, त्यामुळे टिपेत नाव घातलं तरच माणूस कळे. टिपेच्या ओळीच्या सुरुवातीला एक खूण असे. ती खूण दिसली की डबा ती ओळ वाचतच नाही, ती माणसांसाठी. आणि तिसरा हट्ट घड्याळाचा. डब्याचं घड्याळ त्याने ग्रीनिचच्या वेळेवर लावलं होतं, आमच्यापेक्षा तेरा तास मागे. जपानच्या, ऑकलंडच्या आणि आपल्या नोंदी एका ओळीत लागाव्यात म्हणून. जगात सगळ्यांच्या आधी टोंगात उजाडतं आणि तुझा डबा मात्र अजून कालच्यात बसलाय, असं मी त्याला चिडवायची. तो म्हणायचा, ''कालच्यात बसलाय म्हणूनच त्याच्या लक्षात राहतं.''

मग मानासे आला. मानासे माझा धाकटा भाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, फिजीतल्या सुवाहून डिप्लोमा घेऊन आलेला. त्याला गोदामात चिकटवण्यासाठी मीच मॅनेजर होपोआतेच्या मागे लागले होते, हे आता लपवून काय करू. पोरगा हुशार होता, बोलायला गोड, आणि देवळात त्याचं प्रवचन लागलं की शेजारच्या गावातून माणसं यायची. आमची ऐंशी वर्षांची आई तर त्याला आत्ताच पाद्री समजून चालली होती. दोन-तीन वर्षांत धर्मसभेत पाद्री म्हणून त्याचं नाव मंजूर व्हायचं होतं.

लिसिआतेने त्याला हातचं काही न राखता शिकवलं. व्ही-आय मात्र मानासेच्या डोक्यात शिरेना. त्या एडिटरचे दोन मिजाज असतात. एका मिजाजात तुम्ही लिहिता ती अक्षरं उमटतात, दुसऱ्यात तीच अक्षरं हुकूम होतात. आपण कुठल्या मिजाजात आहोत हे आठवलं नाही की संपलं. मानासे नाव लिहायला जायचा आणि तीन ओळी पुसून बसायचा. एकदा त्याला बाहेरच पडता येईना, तर घामाघूम होऊन त्याने डब्याची वायरच उपटली. होपोआते वरून ओरडत आला, की नेट का गेलं. लिसिआते शांतपणे म्हणाला, की माझा पाय अडकला वायरीत. मी समोरच बसले होते. त्याचा पाय टेबलाखाली सुद्धा नव्हता.

त्यानंतर लिसिआतेने जे केलं ते मला नीट आठवतं, कारण मी त्याला असा घोळ घालताना कधी पाहिलं नव्हतं. आठवडाभर तो घरच्या जुन्या कंप्युटरवर दुसरे एडिटर वापरून बघत होता. सकाळी येऊन मला हकीकत सांगायचा, जशी बायका नव्या सुनेची सांगतात. एक आहे तो साधा, पण त्याच्या यादीतून वाट काढता काढता मूळ काम विसरायला होतं. दुसरा एक आहे तो इतका मोठा की त्याच्याबरोबर अर्धं गाव डब्यात येईल. आणि एक नॅनो. लहान, गरीब स्वभावाचा, काय दाबलं की काय होतं ते पडद्याच्या तळाशी लिहूनच ठेवतो. एकच मिजाज. खोड एवढीच की ओळ पडद्याच्या रुंदीपेक्षा लांब झाली की हा स्वतःच्या मनाने तिचे दोन तुकडे करतो.

''मग नको ना,'' मी म्हटलं. ''तुझा पहिला नियम काय आहे?''

''पोराला रोज माझ्यापुढे मान खाली घालावी लागते, मेलेआने. डिप्लोमावाला आहे तो. मला बघवत नाही.''

एका शुक्रवारी सगळे जेवायला गेल्यावर त्याने नॅनो बसवला. आमची लाइन मुलखाची हळू. थोडं उतरायचं, थांबायचं, मग डबा विचारायचा की हेही सोबत घेऊ का, आणि लिसिआते चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक प्रश्न दोनदा वाचायचा. टॅरोच्या उकडलेल्या कंदाचा तुकडा त्याच्या हातातच राहिला. झाल्यावर त्याने नेहमीसारखी टीप लिहिली: सोपा एडिटर बसवला, लिसिआते. मानासेसाठी, असं लिहायला हवं होतं. मी ते म्हटलंही. तो म्हणाला, की पुढेमागे कोणी वाचलं तर पोराला व्ही-आय जमत नव्हता हे कशाला कळायला हवं.

मग त्याने मानासेला बोलावून दाखवलं. उघडताना फाइलच्या नावाच्या आधी एक आडवी रेघ आणि डब्ल्यू लावायचा, म्हणजे तो ओळी तोडत नाही. मानासेने त्याला मिठी मारली. ''दादा, तू माझी अब्रू राखलीस,'' असे त्याचे शब्द होते. मी ते माझ्या कानांनी ऐकलेत.

दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. मानासेने फोनवरूनही डब्यात शिरायची सोय करून घेतली. लिसिआतेच्या फोनला तर बटणं होती आणि वर एक टॉर्च, एवढंच.

आता तो शनिवार. भोपळ्याचा हंगाम ऐन भरात, बंदरात जहाज उभं, आणि शनिवारची मध्यरात्र झाली की आमच्याकडे सगळं थांबतं. रविवारी टोंगात कोणी काम करत नाही, करूही देत नाही. म्हणून शनिवारी लिसिआते रात्री दहापर्यंत गोदामातच होता, पेट्यांच्या याद्या आणि गाड्या बघत. दुपारी जपानच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं होतं, की सोमवारपासून त्यांच्या कंप्युटरचा पत्ता बदलतोय. म्हणजे डब्यात तो नवा पत्ता घालायला हवा, नाहीतर तपासणीचे कागद पलीकडे जायचे नाहीत, आणि कागद पोचल्याशिवाय जहाज आमचा माल चढवून घेत नाही. होपोआतेने ते पत्र दोघांच्या मधे टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, की तुम्ही दोघं बघून घ्या. मानासे म्हणाला, ''मी करतो दादा, तू गाड्यांकडे जा.'' आणि विसरला. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रवचन होतं, डोक्यात तेच.

रविवारी मी गायकवृंदात नेहमीच्या जागी, खिडकीपाशी. तिसरं गाणं सुरू झालं, ते लांबलचक, आमच्या आजीच्या काळापासूनचं. त्या गाण्यात माझी नजर खिडकीबाहेर गेली. पाण्याच्या टाकीमागे मानासे उभा होता, आमच्याकडे देवळात जाताना बांधतात तशी कमरेला चटई बांधलेली, काळा कोट, आणि दोन्ही अंगठे फोनवर. मला वाटलं, प्रवचनाची टिपणं बघतोय. चौथ्या गाण्याला तो आत आला, व्यासपीठावर चढला, आणि शब्द पाळणाऱ्या माणसावर इतकं सुंदर बोलला की आई रडली.

सोमवारी लिसिआते पहाटेच्या बोटीने एउआ बेटावर मावशीच्या मातीला गेला. पहाटेच आमच्याकडे वीज गेली. ती आली तेव्हा डबा नव्याने सुरू झाला, सुरू होतानाच वाचतो तशी नियमांची फाइल पहिल्यापासून वाचायला लागला, आणि मधेच त्याला न कळणारी एक ओळ लागली. अशा वेळी तो डबा एकच करतो, दार लावून घेतो. आमच्याकडून काही बाहेर जाईना, बाहेरून काही येईना. मी आठ वाजताच म्हटलं, की लिसिआतेला फोन लावते.

''मी करतो ना, ताई,'' मानासे म्हणाला. ''मातीला गेलाय तो. त्याला कशाला त्रास?''

दहा वाजता तेच, बारा वाजता तेच. त्याच्या कपाळावर घाम, आणि मी फोनवर हात ठेवला की तो माझ्याकडे असा बघायचा की मी हात उचलायची. तीन वाजता होपोआतेनेच फोन लावला. लिसिआतेने तिकडून मातीच्या गर्दीतून विचारलं, की कुठल्या ओळीवर अडतोय ते वाचून दाखव. मानासेने वाचलं. लिसिआते म्हणाला, त्या ओळीपुढे टिपेची खूण टाक, पुन्हा लाव. दहा मिनिटांत दार उघडलं. पण तोवर जहाजाने दोर सोडले होते.

चाळीस कंटेनर भोपळे धक्क्यावर राहिले. पुढचं जहाज तीन आठवड्यांनी. उन्हात भोपळा किती टिकतो ते लहान पोरालाही माहीत आहे. ज्यांनी वर्षभर राबून पीक काढलं होतं त्यांनी मालाचा पहिला वास सुटला तसा गाड्यांमध्ये भरून परत नेला, आणि गावात एकच प्रश्न राहिला, की हे कोणी केलं.

मंगळवारी लिसिआते आला, टोपी काढून सरळ डब्यापुढे बसला. मग मला हाक मारली.

''हे बघ. नव्या पत्त्याच्या वर टीप लिहिलीय. लांब टीप आहे, चांगली लिहिलीय, फक्त नाव नाही. आणि मधेच तुटलीय. पुढचा तुकडा खालच्या ओळीवर गेला, त्याच्यासमोर खूण नव्हती, म्हणून डब्याला वाटलं हुकूमच आहे. व्ही-आय ओळ तोडत नाही. डब्ल्यू न लावता उघडलेल्या नॅनोने तोडली.'' त्याने बोटाने अक्षरं मोजली. ''आणि इतक्या लवकर तोडलीय म्हणजे पडदा फोनचा होता.''

मी पडद्याकडे वाकून बघितलं.

''नोंदीत या बदलाची वेळ बघ. शनिवार, रात्रीचे नऊ वाजून दहा. पण हे डब्यातले नऊ दहा. आपल्याकडे तेव्हा रविवारचे सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झालेली.'' तो खुर्चीत वळला. ''ते मी कायमचं बंद करून ठेवायला हवं होतं, ओळी तोडणं. ती चूक माझीच. पण मेलेआने, तू खिडकीपाशी बसतेस. तिसऱ्या गाण्याला मानासे बाहेर गेला होता का?''

हा प्रश्न त्याने किती साधा विचारला, ते आजही माझ्या कानात आहे. आणि मला सगळं एका क्षणात दिसलं: टाकीमागचा काळा कोट, धर्मसभा, त्या दिवसासाठी आईने विणून शेजारणींना दाखवलेल्या नव्या चटया. प्रवचन देणारा माणूस देवळाच्या मागे, गाणं चालू असताना, कामाला बसलेला. हे कळलं असतं तर मानासेला देवळाच्या पायरीवरही कोणी बोलू दिलं नसतं.

''मी गाण्याच्या पुस्तकात बघत होते,'' मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, ''बरं.'' आणि स्क्रीनकडे वळला.

सभा गुरुवारी भरली, गोदामातच, सगळे कमरेला चटया बांधून, कारण पीकवाले आले होते आणि त्यांच्यापुढे कोणी तसंच कसं बसणार. ऑकलंडचा एक तज्ज्ञ फोनच्या भोंग्यावर होता. त्याला डब्याच्या नोंदी पाठवल्या होत्या. कोण काय बोललं ते लिहून घ्यायचं काम माझ्याकडे, सव्वीस वर्षं माझ्याकडेच होतं.

तज्ज्ञाने नोंदी वाचल्या. फाइल शनिवारी नऊ दहाला बदललेली. बदलणाऱ्याचं नाव नाही. ओळ तुटली ती नॅनो नावाच्या एडिटरमुळे, जो फायरवॉलवर असायलाच नको. आणि तो कोणी बसवला याची टीप मात्र नावानिशी आहे. होपोआतेने विचारलं, शनिवारी नऊ वाजता गोदामात कोण होतं? पीकवाल्यांतले चारजण एकदम म्हणाले, लिसिआते.

मग भोंग्यातला आवाज म्हणाला, ''एक खात्री करून घेतो. या डब्याचं घड्याळ तुमच्या वेळेवरच आहे ना?''

होपोआतेने मानासेकडे बघितलं. डिप्लोमा त्याच्याकडे होता ना.

''हो,'' मानासे म्हणाला. ''आमच्याच वेळेवर.''

लिसिआतेने मान वर केली. रागाने नाही. मुलगा पाढा चुकला की मास्तर थांबतो, तसा तो थांबला.

''मानासे, नीट आठवून सांग.''

''आमच्याच वेळेवर, दादा. आणि तो एडिटर तुम्हीच बसवलात. मी तर तेव्हा नवा होतो, मी कसा नको म्हणणार.''

दीड वर्षांपूर्वी ज्याने मिठी मारली होती त्याचंच हे तोंड. दादाला तो कधी तुम्ही म्हणत नसे. माझी पेन्सिल कागदावर होती आणि मी लिहीत होते. हो. आमच्याच वेळेवर. एडिटर लिसिआतेने बसवला. अक्षर सुंदर आलंय, ते कागद अजून कपाटात आहेत.

आमच्या घरांत बहीण मोठी असली तर तिचा शब्द भावाला मोडता येत नाही. ही रीत मी सांगायला नको, इथलं शेंबडं पोरही जाणतं. मी नुसतं म्हटलं असतं, मानासे, खरं सांग, तर त्याला सांगावंच लागलं असतं, तिथल्या तिथे, चटईवर बसून. मी काही म्हटलं नाही.

होपोआतेने विचारलं, की लिसिआते, तुला काही सांगायचंय का? लिसिआतेने मानासेकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी नवीन कागद काढला.

''एडिटर मी बसवला,'' तो म्हणाला. ''ते खरं आहे.''

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. त्याच सभेत त्याची नोकरी गेली. गोदामाची किल्ली त्याने टेबलावर ठेवली आणि डब्यापाशी दहा मिनिटं बसायची परवानगी मागितली. होपोआतेला वाटलं, काही उपद्व्याप करेल, म्हणून त्याने मला मागे उभं राहायला सांगितलं. लिसिआतेने व्ही-आय उघडला, काहीतरी खरडलं, मग डब्याला हुकूम दिला आणि नॅनो काढून टाकला. काढायला लाइन लागत नाही, क्षणात झालं. मी खांद्यावरून टीप वाचली: सोपा एडिटर काढला. मानासेला व्ही-आय येतो. लिसिआते.

आठवड्याभराने एका सकाळी त्याच्या फाटकापुढे कोणीतरी सडलेल्या भोपळ्यांची एक गाडी रिकामी केली. आणखी दोन दिवसांनी दुसरी. लिसिआते बाहेर आला. फावड्याने ढीग बाजूला सरकवून माणसाला जायला वाट केली, एवढंच.

मानासेने त्या डब्याला पुन्हा हात लावला नाही. ऑकलंडची एक कंपनी आता तिथूनच सगळं बघते. धर्मसभेत त्याचं नाव मंजूर झालं, आईने मांडव घातला, डुकरं भाजली, आणि मी वाढायला उभी होते. लिसिआतेला बोलावणं गेलं होतं. तो आला नाही, पण एक चटई पाठवली, चांगली, जुनी, घरातली, आमच्यात जुनी तीच मोलाची. ती बघून मानासे आतल्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मला वाटलं, आता तरी माझ्याकडे येऊन बोलेल. बाहेर आला तेव्हा त्याने तोंड धुतलेलं होतं आणि तो पाहुण्यांत जाऊन बसला.

मी मात्र दर रविवारी लिसिआतेकडे ताट पाठवत होते, उमूतून, म्हणजे जमिनीतल्या भट्टीतून, काढलेलं गरम लू, अळूच्या पानांत भाजलेलं मांस, वर एक रताळं. ताट दर सोमवारी धुऊन परत यायचं. त्यावर कधी दोन लिंबं, कधी एक पपई, कारण रिकामं ताट आपण परत करत नाही. निरोप कधीच नसे. असे दोन महिने गेले आणि मला ती पपई घशाखाली उतरेना. एका बुधवारी मी स्वतःच गेले.

तो मागच्या अंगणात होता, त्या ढिगातले भोपळे कोयत्याने फोडून डुकरांपुढे टाकत होता. फाटकापुढचा उरलेला ढीग आता गुडघ्याएवढा होता. मला बघून त्याने ओंडका पुसला आणि बसायला दिला. पायदुखी विचारली. आईची चौकशी केली. मी म्हटलं, की लिसिआते, मला एक सांगायचंय, आणि माझा आवाज इतका बारीक आला की मलाच लाज वाटली.

''त्या रविवारी मी त्याला बघितलं होतं. टाकीमागे. फोन हातात होता. मी तुला खोटं सांगितलं.''

त्याने एक भोपळा उचलला, ठोकून नीट बघितला, चांगला निघाला म्हणून न फोडता बाजूला ठेवला.

''माहीत आहे मला.''

''कोणी सांगितलं? मानासेने?''

''तूच सांगितलंस. पुस्तकात बघत होते म्हणालीस ना. तिसरं गाणं होतं ते. तीस वर्षं तुझ्या मागच्या रांगेत गातोय मी. तुझ्या हातात त्या गाण्याला कधी पुस्तक बघितलं नाही.''

मी मान खाली घातली. डुकरांचं मचमच चाललं होतं, आणि रस्त्यावरून कोणाची तरी गाडी गेली. मग मी जे विचारायला नको ते विचारलं, की एवढं माहीत होतं तर सभेत बोलला का नाहीस?

''काय बोलू? माझ्या एकट्याच्या शब्दावर कोण म्हणणार प्रवचनवाला रविवारी काम करतो?'' तो उभा राहिला आणि कंबर सरळ केली. ''मानासेचं एवढं लागलं नाही मला. तरुण आहे, घाबरला, घाबरलेला माणूस हातात येईल ते धरतो. त्याची मी वाट बघत नव्हतोच. मी तुझी बघत होतो. तू लिहीत होतीस. प्रत्येक शब्द लिहीत होतीस.''

मी म्हटलं, की मी आज होपोआतेकडे जाते, सगळं सांगते, कागद काढून दाखवते.

''आता?'' तो म्हणाला. ''त्याचा मांडव होऊन गेल्यावर?'' त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. ''जायचं तर जा. तुझ्यासाठी जा, मला नको सांगूस. मला आता त्या डब्यात काही शिरायचं नाही.''

जायला उठले तेव्हा त्याने तो बाजूला ठेवलेला चांगला भोपळा माझ्या हातात दिला. रिकाम्या हाताने आपण कोणाला पाठवत नाही. फाटकापर्यंत सोबत आला, ढिगातून वाट काढताना माझा पाय घसरू नये म्हणून हात पुढे केला, आणि म्हणाला, की रविवारचं ताट आता पाठवू नकोस, मेलेआने, माझ्याच्याने ते खाल्लं जात नाही, डुकरांनाच जातं.

मी अजून होपोआतेकडे गेलेले नाही. भोपळा आमच्या ओट्यावर आहे.